खाडीचा डेटा झेनोडोवर ठेवून नऊ महिने झाले

नवी मुंबईतल्या एका पदवी कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. प्राणिशास्त्राच्या माझ्या सहकारी आणि मी, अशा दोघी मिळून दोन वर्षं ठाणे खाडीच्या पाण्याची मोजमापं घेतोय: तापमान, क्षारता, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन. एक ठिकाण दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीजवळ, दुसरं वाशी पुलाच्या दक्षिणेला, फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीबाहेर. दोन्हीकडे दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारा लॉगर बसवलाय.

शोधनिबंध जर्नलकडे पाठवताना डेटाच्या रकान्यात आम्ही सगळे लिहितात तेच लिहिलं: विनंती केल्यास मिळेल. परीक्षकांनी उलट विचारलं, तुम्ही दोघी निवृत्त झाल्यावर विनंती कोणाला करायची? आमच्याकडे उत्तर नव्हतं. डेटा दोन लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर होता आणि तिन्हीकडच्या फायली एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्या आठवड्यात मी झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवण्याच्या ऑनलाइन भांडारावर खातं काढलं. निबंध लिहिणाऱ्या, विशेषतः आमच्यासारख्या लहान कॉलेजांतल्या लोकांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

झेनोडो जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने 2013 साली युरोपातल्या ओपनएअर या खुल्या संशोधनासाठीच्या प्रकल्पाबरोबर सुरू केलं. नाव आलंय अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून. विषयाचं बंधन नाही, देशाचं नाही, पैसे लागत नाहीत. एका नोंदीत 50 जीबीपर्यंत आणि 100 फायलींपर्यंत माल मावतो. आमचा दोन वर्षांचा सगळा डेटा एका साध्या मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा कमी जागा घेतो, त्यामुळे ही मर्यादा आम्हाला कधी जाणवली नाही. सूक्ष्मदर्शकाची चित्रं किंवा व्हिडिओ ठेवणाऱ्यांना जाणवेल.

चढवण्याचं काम खरंच दहा मिनिटांचं आहे. फाइल ओढून टाकायची, शीर्षक, लेखक, वर्णन, परवाना भरायचा आणि प्रकाशित करायचं. डीओआय, म्हणजे त्या नोंदीचा कायमचा क्रमांक, प्रकाशित करण्याआधीच राखून ठेवता येतो, त्यामुळे तो निबंधात आधी लिहून टाकता आला. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मात्र जरूर जोडा. आमच्या कॉलेजात आडनाव पाटील आणि आद्याक्षर एस असलेले तीन जण आहेत, त्यातले दोघे विज्ञानातलेच. नावावरून कोणाचं काम कोणतं हे बाहेरच्याला कळणं अशक्य. सुरुवातीला सराव करायचा असेल तर झेनोडोचा वेगळा सॅण्डबॉक्स आहे. तिथे काहीही बिघडवलं तरी चालतं, तिथले डीओआय खरे नसतात. मी तीन वेळा तिथे केलं आणि मगच खऱ्या जागी गेले.

वेळ गेला तो त्याच्या आधी. दुसऱ्याने उघडली तर समजेल अशी फाइल तयार करायला आम्हाला चार महिने लागले. रकान्याचं नाव "एस2" का, रिकामी चौकट म्हणजे नोंदच नाही की शून्य, ऑक्सिजन मिलिग्रॅम प्रति लिटर की टक्केवारीत, हे सगळं आमच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांना आम्ही "3-12" असे क्रमांक दिले होते: तिसरी फेरी, बारावी बाटली. स्प्रेडशीटने त्याची कधी तारीख करून टाकली ते आम्हाला बरेच महिने कळलं नाही. जीवशास्त्रातल्या लोकांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. मार्च1, सेप्ट2 अशा नावांच्या जनुकांच्या स्प्रेडशीटमध्ये आपोआप तारखा होत राहिल्या, इतक्या निबंधांत ती चूक शिरली की जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 2020 मध्ये त्यांची नावंच बदलून मार्चएफ1, सेप्टिन2 अशी केली. आम्ही बाटल्यांची नावं बदलली, सगळ्या फायली सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या तक्त्यात, नेल्या आणि सोबत सगळं समजावून सांगणारी रीडमी नावाची चार पानी फाइल लिहिली. वर्णनाखाली मराठीतही एक परिच्छेद टाकला. देवनागरी अक्षरं नीट दिसतात.

एवढं करूनही सर्वांत मोठी चूक राहिलीच, आणि ती आम्हा दोघींना नव्हे, डेटा उतरवून घेणाऱ्या एका मुलाला सापडली.

नोंद प्रकाशित झाल्यावर तीन महिन्यांनी रत्नागिरीकडच्या एका संशोधक विद्यार्थ्याचा मेल आला. "मॅडम, तुमच्या दुसऱ्या ठिकाणी भरतीला क्षारता उतरते आणि ओहोटीला चढते. पहिल्या ठिकाणी बरोबर उलट आहे. वाशीच्या बाजूला गोड्या पाण्याचा काही वेगळा प्रवाह आहे का?" मी आलेख पुन्हा काढला आणि तो म्हणतोय ते खरं होतं. भरती समुद्राचं खारं पाणी आत आणते, ओहोटीला वरचं कमी खारं पाणी खाली उतरतं, हे खाडीकाठच्या लहान मुलालाही माहीत असतं. आमच्या निबंधात आम्ही या विसंगतीवर एक परिच्छेद लिहिला होता आणि सांडपाण्याच्या नाल्यांकडे बोट दाखवलं होतं.

कारण दोन दिवसांनी सापडलं. दिवाळ्याचा लॉगर भारतीय वेळेवर चालत होता आणि वाशीचा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे. आपल्याकडे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त. साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळजवळ पूर्ण उलटापालट. चूक दोन तासांची असती तर विचित्र तरी दिसली असती. ही इतकी नीटनेटकी उलटी होती की आम्हाला तो निसर्गाचा गुण वाटला.

ज्यांच्या होडीतून आम्ही जातो त्या नाखवांना तो आलेख दाखवला. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "हे उलटं हाय मॅडम, भरतीचं पानी खारंच येतंय." उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या हिशोबावर ज्यांचं घर चालतं त्या माणसाला आम्ही दोन वर्षांत एकदाही आमचा आलेख दाखवला नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

झेनोडोची खरी ओळख मला इथे झाली. एकदा प्रकाशित केलेली फाइल पुढे मनाला वाटेल तेव्हा बदलता येत नाही. वर्णन, लेखकांची नावं दुरुस्त होतात, फाइल नाही. त्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागते. तिला तिचा वेगळा डीओआय मिळतो, जुनी आवृत्ती जुन्या क्रमांकावर तशीच राहते, आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणखी एक क्रमांक असतो जो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं. आपली चूक कायम सगळ्यांना दिसत राहणार, या विचाराने झोप लागली नव्हती. पण त्या मुलाने पहिल्या आवृत्तीवर काम सुरू केलं होतं. ती मी गुपचूप बदलली असती तर त्याचे आकडे अचानक का बदलले हे त्याला कधीच कळलं नसतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वर्णनात पहिल्याच ओळीत चूक काय होती ते लिहिलं आणि जर्नलला दुरुस्तीचं पत्र पाठवलं.

याच काळात भौतिकशास्त्राचे सर तृतीय वर्षाच्या मुलांना गुरुत्वीय लहरींचा खुला डेटा वापरायला शिकवत होते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार म्हणून मुलांना उत्सुकता आहे. अशा लहरीची 14 सप्टेंबर 2015 ची ती पहिली नोंद 11 फेब्रुवारी 2016 ला जाहीर झाली, तेव्हा त्या घटनेचा डेटाही सोबत खुला केला गेला. मी मागच्या बाकावर बसून ती फाइल पाहिली. लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत लहर पोचण्यातला फरक सुमारे सात मिलिसेकंदांचा. आणि कुठली वेळ वापरलीय हे स्पष्ट लिहिलेलं: जीपीएस वेळ, 6 जानेवारी 1980 पासून मोजलेले सेकंद. कोणत्या सेकंदांचा डेटा विश्वासार्ह आहे याच्या खुणाही सोबत. आमच्या रीडमीच्या चार पानांत वेळेबद्दल एक शब्दही नव्हता.

झेनोडो काय करत नाही तेही सांगते. तुमचा डेटा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे का, हे तिथे कोणी तपासत नाही. प्रथिनांच्या रचना ठेवणारी प्रोटीन डेटा बँक 1971 पासून चालू आहे. तिथे प्रत्येक रचनेची तपासणी होऊन अहवाल निघतो. त्यामुळे ज्या विषयाचं स्वतःचं भांडार आहे त्यांनी आधी तिकडे जावं. खाडीतल्या जिवाणूंचे डीएनए क्रम आमच्या सहकारी झेनोडोवर ठेवणार नाहीत. त्यासाठी जेनबँक हे डीएनए क्रमांचं भांडार आहे, आणि आता फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्रही आहे. ड्रायॅड या दुसऱ्या डेटा भांडारात माणसं फायली तपासून प्रश्न विचारतात, पण तिथे शुल्क आहे.

आणि रुग्णांचा डेटा असेल तर थांबा. ठाण्यात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारी माझी मैत्रीण माझं पाहून उत्साहाने प्रतिजैविकांच्या चाचण्यांचा तक्ता घेऊन आली. नावं काढली होती. पण वय, वॉर्ड, दाखल झाल्याची तारीख आणि पिनकोड तसेच होते. एवढ्यावरून त्या इमारतीतल्या शेजाऱ्याला माणूस ओळखता येतो. पाण्याचा डेटा खुला करताना पाण्याची परवानगी लागत नाही, माणसाची लागते. झेनोडोवर फायली बंद ठेवून फक्त वर्णन दाखवण्याची सोय आहे, पण आधी नैतिकता समितीकडे जा असंच मी तिला सांगितलं. ती गेली, आणि समितीने वय गटांत आणि तारीख महिन्यावर आणायला लावली.

कॉलेजात मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न: आपला डेटा घेऊन दुसऱ्याने आधी निबंध छापला तर? भीती खोटी नाही. ज्यांना ती वाटते त्यांनी ठरावीक तारखेपर्यंत फायली बंद ठेवाव्यात, ती सोय आहे. आम्ही सीसी बाय परवाना ठेवला, म्हणजे कोणीही वापरावा, श्रेय द्यावं. 2022 साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. तेव्हापासून खाडीबद्दल मतं रोज ऐकू येतात, पण ज्यावर वाद घालता येईल असे आकडे फार कमी ठिकाणी सापडतात. आमचे निदान सापडू देत.

आता लॉगर पाण्यात सोडण्याआधी त्याचा वेळ दाखवणारा पडदा आणि मोबाइलचं घड्याळ शेजारी धरून फोटो काढतो, तो फोटोही नोंदीत चढवतो. दुसऱ्या आवृत्तीत रत्नागिरीच्या त्या मुलाचं नाव सहभागी म्हणून घातलंय. तिसरी आवृत्ती पावसाळ्यानंतर निघेल. तिच्यात डेटा गोळा करणारे म्हणून नाखवांचं नाव असणार आहे. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी जरा विचार करून एवढंच सांगितलं, की नावापुढे दिवाळे गाव लिहा.