कडकनाथ म्हणून आणलेली पिल्लं दहाव्या दिवशी पांढरी पडली

आकडे आधी लिहिते, म्हणजे "नेमकं किती गेलं हो?" असं कोणी विचारायला नको. कडकनाथची, म्हणजे मांसापर्यंत काळ्या असणाऱ्या कोंबडीची, ६० पिल्लं, दर ९५, झाले ५,७००. खाकी कॅम्पबेल बदकाची २४ पिल्लं, "सगळ्या माद्या" म्हणून दर १८०, म्हणजे ४,३२०. गाडीभाडं १,२००. अंडी परत विकत घेण्याच्या नोंदणीचे ५,१००, हे म्हणे परत मिळणार होते. "परमिट"चे ८५०. सगळे मिळून १७,१७० रुपये, तेही चार वेगवेगळ्या यूपीआय नंबरांवर. वर जाळी आणि शेड ७,४५०, खाद्याची चार पोती ८,६००. एकूण ३३,२२०.

आमचं घर नागपुरात हुडकेश्वरकडे, मागे बरीच मोकळी जागा. माझं माहेर उमरेडच्या बाजूचं. डालगं, खुराडं, खुडूक कोंबडी हे मला कोणी शिकवायला नको, आणि हेच जास्त झोंबतं. पण माझी बाजूही ऐका. कडकनाथ कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसायला नाखूश असते, त्यामुळे मशीनमध्ये उबवलेली पिल्लं घेण्यावाचून इलाज नव्हता. एका दिवसाचं मशीनचं पिल्लू मी आयुष्यात हातात घेतलेलं नव्हतं. बदकं तर फक्त तळ्यावर पाहिलेली.

कडकनाथ पालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांना फसवल्याचं इस्लामपूरचं प्रकरण २०१९ मध्ये मीही वाचलं होतं. तेव्हा म्हटलं, ती लाखांची भानगड, परसातल्या साठ पिल्लांसाठी कोण कशाला फसवेल? आता कळतं, छोटं गिऱ्हाईकच अशा ठगांना बरं पडतं. सतरा हजारांसाठी कोण कोर्टात जातं?

जाहिरात पाहून फोन केला होता, तर फोनवरचा माणूस गोड होता. ताई-ताई करायचा. अंडं २० रुपयांना उचलू म्हणाला, बदकाचं १५ ला. कडकनाथच्या जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या, प्रमाणपत्राचा फोटोही पाठवला. तो जीआय २०१८ साली झाबुआच्या कोंबडीच्या मांसाला मिळाला आहे, या माणसाला नाही. हे मला आज कळतं. कोंबडी अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात. अंडी घेण्याचं वचन खरं की खोटं ते कळेपर्यंत त्याचं सिम कधीच बदललेलं असतं. सगळी गोम तिथेच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, पहाटे साडेपाचला, वर्धा रोडवर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोके उतरले. चार पिल्लं खोक्यातच मेलेली. बाकीची कोळशासारखी काळीभोर, सगळी अगदी एकसारखी. मी एक उचललं. थंडीनं थरथरत होतं, पोटाखाली ओलसर लागलं. खाली ठेवलं तर माझी तीन बोटं काळी. मी काय केलं? बोटं पदराला पुसली आणि म्हटलं, पुठ्ठ्याची शाई लागली असेल. पुठ्ठ्यावर छपाई लाल रंगाची होती! पदरावरचा डाग अजून गेलेला नाही, ते लुगडं मी मुद्दाम ठेवलंय.

पायही पाहिले होते मी, पिवळे होते. फोन केला तर म्हणाला, "ताई, पाय दीड महिन्यानं काळे होतात." आणि मी, कोंबड्यांत वाढलेली बाई, "बरं" म्हणाले. कडकनाथचं पिल्लू पहिल्या दिवसापासून गडद पायांचं असतं. अंगावर निळसर-काळ्यात वेड्यावाकड्या रेघा असतात, एकसारखं डांबर नसतं. संध्याकाळी आईला फोटो पाठवला. तिनं एकच विचारलं, "अंधारात रंगवली का वं ही?" मी हसले.

दहाव्या दिवशी पंखांची पिसं फुटली आणि ती पांढरी होती. काळ्या लवेतून पांढरी पिसं बाहेर आलेली पाहून धाकटा म्हणाला, "आई, ही म्हातारी होताहेत." मग डोक्यावर लालभडक तुरे. एकूण एक नर! अंडी देणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीचे. हॅचरीला त्यांचा काही उपयोग नसतो, मातीमोल किमतीत निघतात. रंगवलं की ९५ चं होतं. वरून लस टोचलेली नव्हती. मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस उबवणीनंतर पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात. लसीची तारीख आणि पावती दाखवत नसेल तर खोकं उघडूच नका, परत पाठवा.

डिसेंबरच्या थंडीत बल्ब लावून, पोती टाकून रात्र-रात्र जागले. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि आमच्याकडे लाईट जायचं काही ठरलेलं नसतं. ३० मेली, २६ राहिली.

बदकांचं कळायला फेब्रुवारी उजाडला. मादी बदक मोठ्यानं "क्वॅक क्वॅक" करते, नराचा आवाज घसा बसल्यासारखा घोगरा असतो. माझ्या परसात १९ बदकं उरली होती, त्यातली १७ घसा बसलेली. बाकी दोन बिचाऱ्या.

त्याच्या आधी, जानेवारीत इथल्या गोरेवाड्याच्या प्राणी केंद्रातले वाघ आणि बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याची बातमी आली. त्याच दिवशी या पिल्लं विकणाऱ्याचा मेसेज : "ताई, बंदीमुळे नोंदणी तात्पुरती थांबली आहे." वाघ मेले तेही याच्या कामी आले. त्यानंतर फोन बंद.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "कोंबड्यांची तक्रार?" आणि मागच्या टेबलावर हशा. मग, "माल तं आला ना ताई? मग फसवणूक कशाची?" रंगवलेला माल, म्हटलं. "मग दुकानदाराला बोला." भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मुलानं मोबाईलवर काढून दिलं होतं, ते मीच वाचून दाखवलं. तर सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा होता, पैसे अडवता आले असते. लगेच कसा करणार? पिसं फुटायला दहा दिवस लागतात हो! बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पशुसंवर्धनवाले म्हणाले, खासगी व्यवहार, आमचा संबंध नाही. ग्राहक आयोगाच्या खिडकीवरच्या बाबूनं न वाचताच सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा कायद्यानं ग्राहकातच धरला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही, हे मला एका वकिलानं सांगितलं. बाबूला ते ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. पाच ठिकाणी जाऊन आले, ऑटोचेच ७४० रुपये झाले. ते हिशेबात धरलेलेच नाहीत.

तर घेणार असाल तर ओला कापूस पिल्लाच्या पाठीवरून फिरवा. पाय आणि जीभ बघा. पैसे माल हातात आल्यावर, तेही अर्धेच. "नोंदणी", "डिपॉझिट" म्हटलं की फोन ठेवा. नागपुरात सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, आधी तिथे चौकशी करा. माझ्यासारखं "तिथं नंबर लागायला वेळ लागेल" म्हणून घाई करू नका.

पांढरे कोंबडे खाटकानं ८० रुपयांनी घेतले. "यांच्या अंगावर मांस नाही बाई," म्हणाला. २,०८० आले, म्हणजे ३१,१४० गेले. बदकं विकली नाहीत, घोगऱ्या आवाजात दिवसभर माझ्यामागे फिरतात.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, दर ९५ चा ८५ झालाय. फोटोतल्या पिल्लांचे पाय भुशात दडवलेले आहेत.