मोती खरा, रंग चढवलेला

लेकीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही मे महिन्यात नांदेडहून हैदराबादला गेलो. मोती घ्यायचे तर तिथूनच, हे आमच्याकडे आजीच्या वेळेपासूनचं. चारमिनारजवळच्या एका दुकानात काळ्या मोत्यांचा सर दाखवला. 7 मिलिमीटरचे दाणे, हिरवट-जांभळी झाक, सगळे एकाच रंगाचे. “ताहिती का असली काला मोती है, भाभीजी,” म्हणत दुकानदारानं एक मोती लायटरवर धरला, पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याला काहीच झालं नव्हतं. 18 हजार मोजून सर घेतला.

दिवाळीत तो तुटला. पटवेकऱ्याकडे गाठवायला नेला, तेव्हा त्यांनी आधी जुना दोरा उलगडून दाखवला. गाठींच्या बाहेर उरलेलं टोक पांढरंशुभ्र, मोत्यांच्या आतला भाग मात्र जांभळट काळा. मग भिंग हातात दिलं. भोकाच्या कडेला रंग दाट साचलेला आणि आत पांढरा मोती. “वहिनी, मोती खरा आहे, रंग चढवलाय,” ते म्हणाले. लायटरनं मोती प्लास्टिकचा नाही एवढंच कळतं. रंगाबद्दल त्यातून काहीही कळत नाही, आणि मी तर रंगाचेच पैसे दिले होते.

ताहितीचा मोती फ्रेंच पॉलिनेशियात, म्हणजे प्रशांत महासागरातल्या ज्या बेटांमध्ये ताहिती येतं तिथे, काळ्या कडेच्या शिंपल्यात वाढवतात. शिंपल्याच्या पोटात एक मणी ठेवतात आणि सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा. मण्यावर थर चढतात ते या तुकड्यातून, म्हणून रंगही मुख्यतः त्याच्याकडून येतो. वरची मोरपंखी झाक पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची. त्यामुळे एका सरातले मोती कितीही निवडून लावले तरी थोडे उन्नीस-बीस दिसतातच. शिवाय हे मोती बहुतेक 8 मिलिमीटरच्या पुढचे असतात. माझे 7 चे आणि सगळे एकसारखे होते, तिथेच मी थांबायला हवं होतं.

माझे मोती गोड्या पाण्यातले निघाले. ते मुळात पांढरे, पीच किंवा फिकट जांभळे असतात. काळे करायला रंगात किंवा सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवतात, नाहीतर गॅमा किरण देतात. किरण दिलेल्या मोत्याचा दोऱ्याला डाग लागत नाही, म्हणून दोरा पांढरा दिसला तरी निर्धास्त राहू नका. मोठी रक्कम असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, आणि ‘रंग नैसर्गिक’ हे शब्द बिलावर लिहून घ्या. रंगवलेले मोती तसं सांगून, त्या भावात विकले तर माझी तक्रार नाही.

माझ्या बिलावर फक्त ‘मोती सर, 1 नग’ आहे. फोन केला तर दुकानदार म्हणाला, “मोती तो असली दिया ना?” मी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तो डागाळलेला दोरा बिलासोबत पाकिटात ठेवलाय.