कप्पीचा संच: चकती झकास, दोरी टाकून द्या

जळगाव, भुसावळ, धुळ्याला प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत हल्ली अंबाल्याच्या बनावटीचा एक कप्पी-संच मिळतो. किंमत दोन हजारांच्या आत. खोक्यात ४०० ग्रॅमची, ५ सेंमी त्रिज्येची भरीव अ‍ॅल्युमिनियमची चकती, तेवढ्याच वजनाचं आऱ्यांचं चाक, टेबलाला आवळायचा क्लॅम्प, वजनं अडकवायचे ५० ग्रॅमचे दोन आकडे (हूक), खाचेची वजनं, नायलॉनची दोरी आणि सोडवलेल्या गणितांची पुस्तिका. राज्य मंडळाच्या बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा, म्हणजे फिरत्या वस्तूंच्या गतीचा, जेईईवाल्यांना तो अकरावीतच गाठतो. त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. घ्यावा का? घ्यावा, पण दोरी आणि बेअरिंग जसंच्या तसं वापरलंत तर उत्तरं साफ चुकतील.

आधी चांगलं. चकतीचं माप फार विचारपूर्वक ठरवलंय. भरीव चकतीचं जडत्व आघूर्ण (वेगाने फिरायला लागण्याला तिचा होणारा विरोध) म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. इथे ते ०.०००५ किलोग्रॅम-मीटर वर्ग येतं. त्याला त्रिज्येच्या वर्गाने भागलं की बरोबर २०० ग्रॅम. म्हणजे दोरीवर लटकलेल्या वजनांच्या हिशेबात ही कप्पी २०० ग्रॅमचा जादा बोजा म्हणून धरायची. दोरी कप्पीवरून टाकून एका बाजूला ३०० आणि दुसऱ्या बाजूला २०० ग्रॅम लावा (आकड्याचं वजन धरून, पोरं हेच विसरतात). ओढणारा फरक १०० ग्रॅमचा, हलवायचं एकूण ७०० ग्रॅम. ९.८ भागिले ७, त्वरण १.४. कप्पी बिनवजनाची धरली असती तर १.९६ आलं असतं.

आता ताण. जड बाजूला ०.३ गुणिले (९.८ वजा १.४), म्हणजे २.५२ न्यूटन. हलक्या बाजूला ०.२ गुणिले (९.८ अधिक १.४), म्हणजे २.२४. दोरी एकच, तरी ताण दोन. मधला ०.२८ न्यूटनचा फरक गुणिले ०.०५ मीटर त्रिज्या हेच चकती फिरवणारं टॉर्क: ०.०१४. कोनीय त्वरण १.४ भागिले ०.०५, म्हणजे २८. ते जडत्वाने गुणलं की पुन्हा ०.०१४. हा ताळा जुळला नाही तर बहुधा सेंमीचे मीटर करताना वर्ग राहिलेला असतो, आणि उत्तर शंभर पटीने हुकतं.

पुस्तिकेची पहिली निम्मी पानं अशीच नेटकी आहेत: दोन वजनांची दोन समीकरणं, कप्पीचं तिसरं, दोरी न घसरण्याची अट चौथी. पुढे मात्र लिहिणारा बदलला असावा. 'दोरी एकच असल्याने दोन्हीकडे ताण समान' असं ठोकून दिलंय आणि त्याच गणितात कप्पीचं वस्तुमानही दिलंय. ताण समान असेल तर टॉर्क शून्य, मग कप्पी वेग घेईल कशी? समान ताण फक्त बिनवजनाच्या, बिनघर्षणाच्या कप्पीला. ही पानं विद्यार्थ्याच्या हाती देण्याआधी लाल पेनाने खोडा.

खरी गोम बेअरिंगमध्ये आहे. ते साधं ६०८ नंबरचं, आत ८ मिमी, बाहेर २२ मिमी, आणि कारखान्यातूनच घट्ट ग्रीस भरून येतं. मोटारीला ते ठीक, इथे घात करतं. किती, ते असं मोजा: दोन्हीकडे २५०-२५० ग्रॅम लावा, एका आकड्यावर कागदाच्या पुडीत टाचण्या वाढवत जा, दर वेळी बोटाने हलका धक्का द्या. वजन एकसारख्या वेगाने उतरू लागलं की थांबा. पुडीचं वजन तेच तुमचं घर्षण. एकूण बोजा मात्र प्रयोगात असेल तेवढाच ठेवा, कारण बोजा वाढला की घर्षणही वाढतं. नव्या बेअरिंगला ही पुडी ८ ग्रॅमची भरते.

८ ग्रॅमने काय बिघडतं? २६० आणि २४० ग्रॅम लावून जड वजन ७० सेंमी खाली उतरू द्या. घर्षण नसतं तर २.२४ सेकंद लागले असते. ग्रीसच्या बेअरिंगवर २.८९ लागतात. त्या वेळेवरून, घर्षण न धरता, कप्पीचा बोजा काढायला गेलात तर २०० ऐवजी ६६७ ग्रॅम येतो! सूत्रात काही खोट नाही, खोट ग्रीसमध्ये आहे. बेअरिंगच्या पत्र्याच्या झाकण्या सुईने अलगद काढा, उघड्यावर, आगीपासून लांब, पेट्रोलमध्ये धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. पुडी ३ ग्रॅमवर येते, वेळ २.४३ वर. मग ओढणाऱ्या २० ग्रॅममधून ३ वजा करून गणित मांडलं की आकडे जुळतात. १७८४ साली कप्पी आणि दोन वजनांचं हे यंत्र जगापुढे ठेवणाऱ्या इंग्रज गणितज्ञ जॉर्ज अ‍ॅटवूडलाही घर्षण नडलं होतं. त्याने कप्पीचा आस चार फिरत्या चाकांवर टेकवला होता.

सोबतची नायलॉनची दोरी ३ मिमी जाड. त्यामुळे परिणामी त्रिज्या ५.१५ सेंमी होते आणि २०० चे १८९ ग्रॅम होतात. शिवाय मीटरला साधारण ५ ग्रॅम तिचंच वजन: ७० सेंमी उतरेपर्यंत दोन बाजूंतला फरक ७ ग्रॅमनी बदलतो. २० ग्रॅमच्या प्रयोगात हे कसं चालेल? आणि गुळगुळीत खाचेवर ती घसरते. ३००-२०० ला ताणांचं गुणोत्तर १.१२५ च आहे, तिथे निभावतं. ४५०-५० लावलं की ते २.४५ होतं, आणि अर्धा वेढा धरून ठेवायला घर्षणांक निदान ०.२९ लागतो. दोरी घसरली की चौथं समीकरण गेलं आणि कप्पी मागे रेंगाळते. चकतीवर खडूची रेघ मारून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहिलं तर हे स्वच्छ दिसतं. गोधडी शिवायचा सुती दोरा घ्या: बारीक, हलका, खाचेला धरून राहणारा.

वजनांवरचे छापील आकडे आंधळेपणाने मानू नका. २० ग्रॅमच्या फरकात दोन ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे दहा टक्के चूक. जळगावकरांना बरं, ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पाच मिनिटांत सगळी वजनं तोलून होतात. खरं वजन मार्करने वर लिहून ठेवा.

आऱ्यांच्या चाकाचं सगळं वस्तुमान कडेला धरून पुस्तिका बोजा ४०० ग्रॅम सांगते. गाडीचं चाक पाहिलेला कुणीही विचारेल, आरे आणि तुंबा कुठे गेले? धुतलेल्या बेअरिंगवर २६०-२४० ला २.६६ सेकंद येतात, त्यावरून बोजा ३४० च्या आसपास निघतो. म्हणून ताण शिकवायला चकती वापरा. अज्ञात जडत्व शोधून काढायला हे चाक द्या, उत्तर पुस्तिकेत नाही हे उत्तमच.

उन्हाळ्यात कूलरच्या झोतात प्रयोग लावू नका, आकडे डोलतात. खाली गोणपाटाची घडी टाका. ३०० ग्रॅमचं वजन १.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने फरशीवर येतं. दुकानदार 'स्पेअर किट' म्हणून बेअरिंगचं वेगळं पाकीट पुढे करतो. ते नको. हेच ६०८ कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सुटं मिळतं.