मल्लखांबाचा वर्ग: एकाच घरातील दोन मुले, दहा महिन्यांचा अनुभव

माझी दोन्ही मुले गेल्या जूनपासून आमच्या उपनगरातील एका व्यायामशाळेत मल्लखांब शिकत आहेत. थोरला अकरा वर्षांचा आहे आणि धाकटी नऊ वर्षांची. हा अभिप्राय मी दहा महिने थांबून लिहीत आहे, कारण पहिल्या दोन महिन्यांत लिहिला असता तर तो चुकला असता.

थोरला फुटबॉलमध्ये चपळ असल्यामुळे येथेही तो लगेच पुढे जाईल, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात पुरलेल्या मल्लखांबावर साधी अढी जमायला त्याला सात आठवडे लागले. एरंडेल तेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर पाय वर फेकून, डोके खाली असताना मांड्यांनी पकड घ्यायची म्हणजे अढी; त्यासाठी लागणारी क्षमता चेंडूमागे धावताना कामी येत नाही. फ्रँकलिन हेन्री या अमेरिकन अभ्यासकाने नेमके हेच मांडले होते की, सर्व खेळांना पुरेल अशी एकच शारीरिक हुशारी नसते. तोल, प्रतिक्रियेचा वेग, लवचीकता, ताकद या क्षमता बऱ्याच अंशी एकमेकींपासून स्वतंत्र असतात.

येथील मुख्य प्रशिक्षकांना हे अनुभवाने ठाऊक आहे, आणि माझ्या मते या वर्गाचे खरे मोल त्यातच आहे. मुलगा घसरत होता तेव्हा त्यांनी त्याला आणखी जोर लावायला सांगितले नाही. "ताकद आहे, पण उलटा झाला की पाय कुठे आहेत ते त्याला कळत नाही," असे त्यांचे निदान होते. त्यांनी आठवडाभर त्याला खांबापासून दूर ठेवले, गादीवर खांद्यांवर उभे केले आणि डोळे मिटून पायांची जागा सांगायला लावली. त्यानंतर पंधरा दिवसांत अढी बसली.

धाकटीची गोष्ट उलट आहे. शाळेच्या शर्यतीत ती शेवटची येते. दोरीच्या मल्लखांबावर मात्र पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून ती तिसऱ्याच आठवड्यात आसने करू लागली. कमरेची लवचीकता आणि हलके शरीर तिच्या उपयोगी पडले. दिवाळीनंतर मात्र एकामागून एक आसने जोडण्याची वेळ आली आणि ती अडली, कारण आता हातांची ताकद आणि हालचालीची वेळ साधणे महत्त्वाचे होते. एडविन फ्लाइशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतही सराव वाढतो तशा कामी येणाऱ्या क्षमता बदलतात, असे दिसले होते. सुरुवातीच्या प्रगतीवरून पुढचा अंदाज बांधण्याची चूक मी स्वतः केली, म्हणून हे आवर्जून सांगतो.

तक्रारी दोन आहेत. संध्याकाळच्या तुकडीत दोन खांबांवर पंचवीस मुले असतात, त्यामुळे तासाभरात एकाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच वेळा खांब येतो. ज्याला एखादी उडी जमायला जास्त आवर्तने लागतात, त्याचेच यात सर्वाधिक नुकसान होते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लहान गटाच्या साहाय्यक प्रशिक्षकांनी मुलीला सर्वांसमोर "ही जन्मजात आहे" म्हटले, आणि जोड अडल्यावर "मला आता येतच नाही" म्हणून ती तीन आठवडे वर्गाला जायला तयार नव्हती. कौतुकामागचा हेतू चांगला असला तरी ज्याला सगळे सहज येते असे सांगितले जाते, त्या मुलाला अडखळण्याची तयारी राहत नाही. सहामाही परीक्षेतही सर्वांना तीच आसने त्याच क्रमाने करावी लागतात. त्याऐवजी प्रत्येकाची आधीची नोंद पाहून गुण द्यावेत, अशी विनंती मी लेखी केली आहे.

गाद्या चांगल्या आहेत, शुल्क परवडणारे आहे आणि तेलाचा वेगळा खर्च नाही. शनिवारी सकाळच्या तुकडीत दहा-बारा मुलेच असतात व ती मुख्य प्रशिक्षक स्वतः घेतात, म्हणून प्रवेश घेताना तीच तुकडी मागावी, आणि मूल कोणत्या हालचालीला अडखळते हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगावे.