तारापूर संच 1 आणि 2: घेतले 210 चे, चालले 160 वर

जनरल इलेक्ट्रिकशी 1964 मध्ये झालेल्या करारातून तारापूरला उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीचे दोन संच उभे राहिले आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून ते व्यावसायिक वीज देऊ लागले. क्षमता प्रत्येकी 210 मेगावॅट. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून हिशेब 160 चा आहे. हे 50 मेगावॅट इंधनटंचाईने किंवा म्हातारपणाने गेलेले नाहीत, ते आराखड्यातल्या एकाच भागाने खाल्ले.

तो भाग म्हणजे दुय्यम बाष्पजनित्र. अणुभट्टीत तयार झालेली वाफ थेट टर्बाइनवर जाते. उरलेलं तापलेलं पाणी पंपाने फिरताना या जनित्राच्या नळ्यांतून जातं, बाहेरच्या पाण्याची कमी दाबाची वाफ करतं, आणि ती टर्बाइनच्या मधल्या टप्प्यावर सोडली जाते. युक्ती हुशारीची होती. विजेची मागणी वाढली की दुय्यम वाफ जास्त ओढायची, मग अणुभट्टीत परतणारं पाणी थोडं थंड होतं, गाभ्यातले बुडबुडे कमी होतात आणि नियंत्रक दांड्यांना हात न लावता शक्ती वाढते. पण स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना तडे गेले आणि किरणोत्सारी पाणी दुय्यम बाजूला झिरपू लागलं. गळक्या नळ्या बुच मारून बंद करता येतात, मात्र त्याला मर्यादा असते. किरणोत्साराच्या जागेत अख्खं जनित्र बदलणं हे तर वेगळंच प्रकरण. शेवटी जनित्रं चक्रातून बाहेर काढली आणि 160 वर समाधान मानलं. विकत घेताना वाफेच्या दोन वाटांचं हे ‘दुहेरी चक्र’ मोठं वैशिष्ट्य म्हणून मिरवलं गेलं असेल, तर तोच या यंत्राचा सगळ्यात कच्चा दुवा निघाला.

वाफ थेट टर्बाइनवर नेण्याचेही भोग आहेत. तिच्यात नायट्रोजन-16 असतो. त्याचं अर्धायुष्य सातच सेकंदांचं, पण संच चालू असताना टर्बाइनजवळ काम करणं त्यामुळे अवघड होतं. बंद केल्यावर हा त्रास लगेच संपतो. इंधनकांडीचं आवरण फुटलं तर मात्र विखंडनातले वायू वाफेबरोबर कंडेन्सरपर्यंत, म्हणजे टर्बाइनमधल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं तिथपर्यंत, येतात आणि चिमणीकडच्या वायूंतला किरणोत्सार वाढतो. कंडेन्सरला थंड करणारं पाणी अरबी समुद्राचं. आत निर्वात असल्यामुळे नळी फुटली की खारं पाणी आत ओढलं जातं, आणि हेच पाणी परत भट्टीत जात असल्याने मिठातल्या क्लोराइडचा धोका सरळ अणुभट्टीच्या पाण्यापर्यंत पोचतो. म्हणून कंडेन्सेटची, म्हणजे वाफेपासून झालेल्या पाण्याची, विद्युतवाहकता इथे डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते.

इंधनपुरवठ्याला पाचपैकी दोन गुण. भट्टीला समृद्ध युरेनियम लागतं आणि ते बाहेरूनच आणावं लागलं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. मग ऐंशीच्या दशकात फ्रान्स, नव्वदीत चीन, पुढे रशिया. इंधनकांड्यांच्या जुळण्या मात्र हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतात. इंधन बदलायला संच थंड करून झाकण उघडावं लागतं. शेजारच्या 540 मेगावॅटच्या संच 3 आणि 4 ला नैसर्गिक युरेनियम चालतं आणि त्यांचं इंधन चालू भट्टीत बदलता येतं. त्यासाठी जड पाण्याचा खर्च आहे, आणि त्यांच्या जागेसाठी पोफरण व अक्करपट्टीच्या लोकांना गाव सोडावं लागलं, तोही त्या विजेच्या किमतीतच धरायला हवा.

जमेची मोठी बाजू म्हणजे आपत्कालीन कंडेन्सर. ही उंचावर ठेवलेली पाण्याची टाकी. वीज गेली तरी भट्टीतली वाफ आपोआप तिच्यातल्या नळ्यांत चढते, पाणी होऊन स्वतःच्या वजनाने परत उतरते. पंप लागत नाही. झडपा उघड्या हव्यात आणि टाकीतलं पाणी उकळून जाण्याआधी भर घालायला हवी, एवढंच. मूळ आराखड्यात दोन संचांनी बरीच सामग्री वाटून घेतली होती. 2005-06 च्या सुधारणांत ती संचवार वेगळी केली आणि नवे डिझेल जनित्र बसवले. हे काम मुळातच व्हायला हवं होतं.

2020 मध्ये दोन्ही संच थांबले ते मोठ्या दुरुस्तीसाठी. त्यात मुख्य काम अणुभट्टीचं पाणी फिरवणाऱ्या पाइपांचं. या पिढीच्या भट्ट्यांत स्टेनलेस स्टीलच्या जोडाजवळ वेल्डिंगच्या उष्णतेने धातूच्या कणांच्या कडांवरचं क्रोमियम कमी होतं. त्यात जोडातला ताण आणि पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की आतून तडा सरकत जातो, बाहेरून काही दिसत नाही. तो अल्ट्रासोनिक तपासणीतच सापडतो. तडा न धरणाऱ्या धातूचे नवे पाइप आयुष्य वाढवतील. गेलेले 50 मेगावॅट त्यांनी परत येत नाहीत.