भावाच्या गोळ्या : मुंबईतल्या सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधांच्या) केंद्राचा अनुभव

माझा धाकटा भाऊ सुईने नशा करायचा. एचआयव्ही निघाला तेव्हा एका खासगी दवाखान्यात "आधी नशा सोड, मग बघू" म्हणाले. पुढे दोन वर्षं तो कुठेच गेला नाही.

या सरकारी केंद्रात तसं नाही. 2017 पासून सीडी4 (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) कितीही असो, औषध सुरू करतात, तेही फुकट. रोज एकच टीएलडीची गोळी, तिच्यातच तीन औषधं. शेजारीच ओएसटी केंद्र आहे, तिथे सुईच्या नशेऐवजी औषध देतात. नर्सताई त्या औषधाची, ब्युप्रेनॉर्फिनची, गोळी समोरच जिभेखाली ठेवायला लावतात. त्यासाठी तो रोज येतो, म्हणून एआरटीही चुकत नाही. मला ही जोडणीच सगळ्यात मोलाची वाटते. रांगेत रोजंदारी बुडते, ते सुधारायला हवं. पण त्याच्या हातावरचे व्रण बघून इथे कुणी तोंड फिरवलं नाही.

गेल्या महिन्यात तपासणीत व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) सापडलाच नाही. आईने शिरा केला.