पणजोबांचं पवित्र हृदयाचं घड्याळ आणि परतवाड्याचे घड्याळवाले काका

तीन महिने झाले घड्याळ घरी येऊन, रोज सकाळी चावी देऊन राहिली, म्हणून आता लिहायला बसली. दुरुस्त होऊन आलं त्याच दिवशी पाच स्टार द्यायचे आणि महिन्याभरात ते पुन्हा बंद पडायचं, तसं नको होतं मला.

आधी घड्याळाचं सांगते. माझे पणजोबा नागपूरला फादर लोकांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होते, त्यातल्या एका फादरनं आपल्या देशी परत जाताना हे त्यांच्या हातात ठेवलं असं घरात सांगत आले. साखळीचं, खिशात ठेवायचं, चांदीचं. डायल पांढरीशुभ्र, काळे रोमन आकडे, सहाजवळ सेकंदाचं छोटं वर्तुळ, आणि बाराच्या खाली करंगळीच्या नखाएवढ्या जागेत येशूचं पवित्र हृदय. लाल हृदय, भोवती काट्यांचा मुकुट, वरून ज्वाळा, ज्वाळांमध्ये क्रूस, मागे सोनेरी किरणं. भाल्याची जखम पण आहे, त्यातून एक थेंब. एवढ्याशा जागेत कोणी काढलं असेल, कोणत्या केसाच्या ब्रशनं, मी लहानपणापासून हाच विचार करत आली.

आजी आम्हाला ते वर्षातून एकदाच दाखवायची, जूनमध्ये, पवित्र हृदयाच्या सणाला. सण शुक्रवारीच येतो आणि तेव्हा आमच्याकडे पेरणीची धावपळ, बाबा वावरातून चिखलाच्या पायानं यायचे आणि आजी म्हणायची आधी हात धू मग हात लाव. घड्याळ तेव्हाही बंदच होतं. पण आजीनं ते चालू असलेलं पाहिलेलं, तिचे मामंजी, म्हणजे माझे पणजोबा, दुपारी बाराची अँजेलसची घंटा झाली की खिशातून काढून काटा मिळवायचे म्हणे. ती घंटा दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, आणि तेवढ्यापुरतं हातातलं काम थांबवून मरियेची प्रार्थना म्हणायची. माझ्यासाठी म्हणून हे घड्याळ म्हणजे शोपीस नाही, प्रार्थनेच्या वेळेचं घड्याळ आहे, आणि ते चालावं ही इच्छा तीस वर्षांपासूनची.

परतवाड्याला जायच्या आधी दोन ठिकाणी चटके बसले ते पण सांगते, नावं टाकत नाही. एका शहरातल्या मोठ्या एसी दुकानात नेलं, तिथल्या पोरानं डायल पाहिली आणि म्हणे हिला तडा आहे मॅडम, आम्ही हुबेहूब नवीन प्रिंट मारून देतो, 900 रुपये, चमकेल एकदम. मला धस्स झालं. तिथून मी घड्याळ उचलूनच आणलं. दुसरं म्हणजे पुतण्याच्या कन्फर्मेशनला, म्हणजे चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीला, द्यायला म्हणून ऑनलाइन एक खिशातलं घड्याळ मागवलं होतं, "अँटिक कॅथलिक" असं लिहिलेलं, 2600 रुपये, डायलवर असंच पवित्र हृदय, रंग इतके भडक की फोटोतच डोळ्यात भरायचे. ते चार दिवस चाललं. मग दोन्ही एकत्र घेऊन निघाली.

परतवाड्याचं आमच्या चर्चमधल्या एका सिस्टरनं सांगितलं. शकुंतला रेल्वे बंद झाल्यापासून आम्हाला एसटीशिवाय पर्याय नाही, दर्यापूरहून अंजनगाव करत सकाळी पोचली. दुकान म्हणजे बाजारात दोन दुकानांच्या मधली एक फळी आणि काचेची पेटी, बोर्ड नाहीच. काका सत्तरीच्या वर असतील. मी घड्याळ पुढे केलं तर त्यांनी आधी हात पुसले, मग डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळवाल्यांचं भिंग, लावला आणि किती तरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणे, "हे कलर नाई ताई. हे काच हाय काच. भट्टीतली."

आणि मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला जसं कळलं तसं लिहिते कारण ज्यांच्या घरी असं घड्याळ असेल त्यांना हे माहीत पाहिजेच. आपल्याकडे इनॅमलचं टमरेल असायचं ना पांढरं, पडलं की टवका उडून खालून काळं लोखंड दिसायचं, तोच प्रकार. फक्त इथं खाली लोखंड नाही तर तांब्याची पातळ चकती. तिच्यावर काचेची बारीक पूड पसरतात आणि भट्टीत साधारण 800 अंशाला वितळवतात, मागच्या बाजूला पण काच लावावी लागते नाही तर थंड होताना चकती वाकते. असं दोन-तीनदा झालं की पांढरी डायल तयार. मग चित्र. रंग म्हणजे पण धातूची भस्मं मिसळलेली काचच, ब्रशनं लावायची आणि पुन्हा भट्टीत घालायची, या वेळी थोड्या कमी आचेवर, नाही तर खालचं पांढरं वितळून चित्र बसून जाईल. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांनी पण लाल रंग लालच आहे. उन्हानं उडत नाही, पाण्यानं जात नाही. जाते ते सोनं, कारण ते सगळ्यात वर, अगदी पातळ असते. काका म्हणे, "कापडानं घासलं की सोन्याचे किरण निंगून जातीन, मंग माह्याजवळ रडत येऊ नका."

मी कबूल करते की आजीच्या माघारी मीच दोन-तीनदा ते ओल्या फडक्यानं जोर लावून पुसलं होतं, आणि एका बाजूचे किरण फिके आहेत ते त्यामुळेच असतील. फार वाईट वाटलं.

तड्याचं विचारलं. दोनच्या आकड्यापासून हृदयापर्यंत केसासारखी रेघ आहे. काका म्हणे राहू द्या, घड्याळ पुन्हा पडलं नाही तर ती वाढत नाही, आणि ती बुजवायला जो रंग भरतात तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि मग रेघ जास्तच दिसते. डायल काढून नुसत्या कोमट साबणाच्या पाण्यातून हलक्या हातानं काढली, रेघेतला मळ निघाला, आता शोधली तरच दिसते. डायल काढताना मी समोरच बसली होती. काटे उचलायच्या आधी त्यांनी कागदाला चीर देऊन तो कागद काट्याखाली सरकवला, म्हणजे हत्यार डायलला लागायलाच नको. डायलला मागून तांब्याचे पाय असतात, ते आत स्क्रूनं धरलेले, त्यातला एक वाकलेला निघाला. मला वाटलं पकडीनं सरळ करतील, तर नाही, पाय वाकवला की वरची काच तिथेच तडकते म्हणून तसाच ठेवला आणि स्क्रू बेतानं लावला. एसी दुकानातल्या पोराला ही गोष्ट माहीत असेल असं मला वाटत नाही.

ऑनलाइनवालं घड्याळ त्यांनी उघडलं तेव्हा मात्र दोन मिनिटांत निकाल लागला. आयग्लास मला दिला, म्हणे पाहा. ठिपकेच ठिपके, पेपरातल्या फोटोला जवळून पाहिल्यावर दिसतात तसे. मग कापसाला थोडं नेलपॉलिश काढायचं पाणी लावून डायलच्या कडेला टेकवलं तर कापूस लाल झाला. खऱ्या इनॅमलला त्यानं काही होत नाही, पण काका म्हणे खऱ्यावर कशाला करून पाहायचं, ते तर डोळ्यांनीच दिसते, ब्रशच्या रेघा काचेत बुडलेल्या असतात. आतलं मशीन पण दुसऱ्याच कोणत्या तरी घड्याळाचं. 2600 गेले. तुम्ही कोणी असं घेत असाल तर आधी डायलचा जवळून मोठा फोटो मागा, तो देत नसतील तर सोडून द्या.

आमच्या घड्याळाच्या आतल्या झाकणावर फ्रेंचमध्ये कोरलेलं आहे, सिलिंद्र आणि दी रुबी, म्हणजे सिलिंडर पद्धतीचं मशीन आणि दहा माणकं, चाकांच्या टोकांशी बसवतात ती. शेजारी 0.800, म्हणजे ऐंशी टक्के चांदी, आणि एक रानकोंबड्यासारखा पक्षी. स्वित्झर्लंडमध्ये 1880 च्या कायद्यानं चांदीवर हे शिक्के आले, 0.800 चांदीला हा पक्षी आणि जास्त शुद्ध चांदीला अस्वल. म्हणजे घड्याळ त्याच्या नंतरचं. हे कळल्यावर मला एक गोष्ट जुळली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. नागपूरकडे जे फादर सुरुवातीला आले ते आताच्या फ्रान्समधल्या आन्सी गावचे, संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाच्या संघाचे, 1845 मध्ये ते भारतात यायला निघाले, आणि नागपूरचा धर्मप्रांत झाला 1887 मध्ये. आन्सी ते जिनिव्हा चाळीसेक किलोमीटर. घड्याळांचा मुलूख त्यांच्या शेजारचाच. संत फ्रान्सिस डी सेल्स स्वतः जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रॉटेस्टंट झालेलं म्हणून राहायचे आन्सीला. त्यांनी 1610 मध्ये तिथे सिस्टरांचा व्हिजिटेशन संघ काढला आणि त्या संघाचं चिन्हच काट्यांचा मुकुट घातलेलं हृदय. पुढे त्याच संघाच्या सिस्टर मार्गारेट मेरी अलाकोक यांना पारे-ल-मोनिआलच्या मठात 1673 ते 1675 मध्ये येशूच्या हृदयाची दर्शनं झाली, आणि 1856 मध्ये पोपनी हा सण सगळ्या चर्चला लावून दिला. तर आन्सीच्या फादरच्या खिशात हेच चित्र असावं यात मला तरी काही नवल वाटत नाही. आजी असती तर तिला सांगितलं असतं, तिला हे फार आवडलं असतं.

काकांच्या पेटीत एक सुटी डायल पण होती, मशीन नसलेली, कोणाची तरी राहून गेलेली. त्यांनी विचारलं ताई हे काय आहे तुम्हीच सांगा. एम अक्षर, त्यावर आडव्या दांडीवर क्रूस, खाली दोन हृदयं, भोवती बारा तारे. ते मरियेचं चमत्कारी पदक, 1830 मध्ये पॅरिसला सिस्टर कॅथरीन लाबूरे यांना दर्शन झालं त्यातलं. डावं हृदय काट्यांचं म्हणजे येशूचं, उजव्यात तलवार घुसलेली म्हणजे आईचं. काकांनी ते एका कागदावर लिहून डायलखाली ठेवून दिलं. कोणाच्या घड्याळावर आय एच एस असं दिसलं तर ते इंग्रजी शॉर्टफॉर्म समजू नका, ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरं आहेत, आणि खाली तीन खिळे असले तर जेसुइट फादरांचं चिन्ह. जहाजाचा नांगर, क्रूस आणि हृदय एकत्र असले तर आशा, श्रद्धा, प्रीती.

आता कामाचं. मेन स्प्रिंग तुटलेली होती, ती जुन्या मशीनमधली शोधून बसवली, सगळं मशीन खोलून धुतलं, तेल दिलं. बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे हलणारं चाक, चांगला होता. एकूण 1400 रुपये घेतले, सांगितले होते 1200, पण स्प्रिंगचे जास्तीचे आधी फोन करून विचारले. वेळ सांगितली पंधरा दिवस, लागले पाच आठवडे, आणि मधे मी एकदा एसटीनं जाऊन रिकाम्या हातानं परत आली, त्या दिवशी दुकानच बंद. फोन दुपारी उचलत नाहीत. बिल देत नाहीत. हे मला पटलं नाही, 1400 रुपयाच्या कामाला साधी चिठ्ठी तरी पाहिजे.

आणि एक मोठी तक्रार आहे. पुढची जुनी काच ओरखडे पडून धुरकट झाली होती, ती बदलून त्यांनी प्लास्टिकची लावली. म्हणे या मापाची खरी काच आता मिळत नाही. असेल, पण मला न विचारता लावली आणि जुनी काच परत मागितली तर ती फेकून दिलेली. प्लास्टिकवर उजेड आला की हृदय नीट दिसत नाही, तिरपं धरावं लागते. मी त्यांना तोंडावर बोलली हे. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणे चूक झाली ताई, काच भेटली तर फुकटात लावून देतो. अजून भेटलेली नाही.

वेळ कशी चालते म्हणाल तर दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जाते. सिलिंडरवाल्या जुन्या घड्याळाला तेवढं चालतेच असं काकांनी आधीच सांगितलं होतं. काटे फिरवायला डोक्याशेजारची छोटी पिन नखानं दाबून धरावी लागते आणि मग वरची चावी फिरवायची, पहिले आठ दिवस नख दुखलं, आता सवय झाली. मी पण दुपारी बारालाच मिळवते. आमच्या गावात चर्चची घंटा नाही, रेडिओवर मिळवते आणि तेवढी प्रार्थना म्हणून घेते.

ज्यांना जायचं असेल त्यांनी अकराच्या नंतर जा, आणि निघायच्या आधी सकाळी फोन करून दुकान उघडं आहे का ते विचारून घ्या. घड्याळ स्टीलच्या डब्यात खडखडत नेऊ नका, कापसात गुंडाळून न्या, डायल वरच्या बाजूला. काच बदलायची का नाही ते आधीच स्पष्ट बोलून घ्या आणि जुना निघालेला प्रत्येक भाग परत मागून घ्या. डायलला मात्र त्यांच्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका, नवीन प्रिंट मारून देतो म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही.